ब्रेकला जुगाड चालत नाही!

घरची जुनी गाडी चालवता ना? म्हणजे आईबाबांनी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली, मग दादाने किंवा ताईने हात साफ करून घेतलेली आणि आता तुमच्या वाट्याला आलेली? मग एक काम आजच करा. गाडी सपाट जागेवर उभी करा, बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या बाजूला, काचेखालच्या पत्र्याजवळ एक पांढरट प्लॅस्टिकची छोटी टाकी दिसेल. तिच्यावर ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ अशा दोन रेषा असतात. आत जे आहे ते ब्रेक ऑइल. त्याची पातळी कुठे आहे ते बघा.

दोन रेषांच्या मध्ये असेल तर उत्तम. ‘मिन’च्या खाली असेल आणि घरात कुणी म्हणालं, ‘अरे, गेल्या महिन्यातच तर भरलं होतं!’ तर मात्र सावध व्हा. इंजिन ऑइल थोडं थोडं जळतं, ब्रेक ऑइल जळत नाही. ते बंद नळ्यांमध्ये असतं. ब्रेक पॅड झिजतात तशी त्याची पातळी उतरते, पण फार सावकाश. महिन्याभरात उतरली याचा अर्थ एकच, कुठेतरी गळतंय.

अशा वेळी डॅशबोर्डवर लाल दिवाही लागतो. गंमत म्हणजे बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकचा आणि ब्रेक ऑइल कमी झाल्याचा दिवा एकच असतो. त्यामुळे आपण हँडब्रेक दोनदा खाली-वर करतो, दिवा विझत नाही, मग ‘सेन्सर गेला असेल’ म्हणून गाणं लावून निघतो. तो सेन्सर बहुतेक वेळा खरंच बोलत असतो.

गळती बऱ्याचदा ब्रेक पाईपमधून असते. हा पाईप घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलता येतो का? येतो. कामात रॉकेट सायन्स नाही. पण म्युझिक सिस्टीमची वायर अर्धवट जोडली तर आवाज खरखरतो आणि आपण पुन्हा बसतो दुरुस्त करायला. ब्रेकचं काम अर्धवट झालं तर ते कळायची पहिलीच वेळ शेवटची ठरू शकते. म्हणून हे काम शिकायचं असेल तर पाईप कसा बसवायचा याच्याबरोबर कुठे थांबायचं हेही शिकावं लागतं.

पायापासून चाकापर्यंत

बारावीच्या फिजिक्समधला पास्कलचा नियम आठवतोय? बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. तुमच्या गाडीचा ब्रेक म्हणजे तोच नियम. तुम्ही पॅडल दाबता, मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेक ऑइल ढकलतो, तो दाब बारीक नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत जातो आणि तिथले पॅड डिस्कला, लायनर ड्रमला चिकटतात.

या नळ्या दोन प्रकारच्या असतात. गाडीच्या पोटाखालून जातो तो लोखंडी पाईप, साधारण पावणेपाच मिलिमीटर जाडीचा, म्हणजे पेन्सिलीपेक्षाही बारीक. आणि चाकाजवळ, जिथे हालचाल होते तिथे, रबरी होज. तुम्ही जोरात ब्रेक मारता तेव्हा या बारीक नळीतला दाब टायरमधल्या हवेच्या तीसेक पट सहज होतो. ही तुलना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुदैवाने गाडी बनवणाऱ्यांनी आपला विचार केलेला असतो. ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात. बहुतेक छोट्या गाड्यांत ते तिरके जातात, पुढचं डावं चाक मागच्या उजव्याशी आणि पुढचं उजवं मागच्या डाव्याशी. एक पाईप फुटला तरी दुसरा मार्ग शिल्लक राहतो. पण तेव्हा पॅडल खूप खोल जातं, ब्रेक अर्धेच लागतात आणि गाडी थांबायला बरंच जास्त अंतर लागतं. ‘लागतोय की ब्रेक, थोडा लेट लागतो इतकंच’ असं म्हणत कुणी गाडी चालवत असेल, तर तो त्या उरलेल्या अर्ध्यावर चाललाय.

पाईप खराब होतो कसा?

पहिला शत्रू गंज. रत्नागिरी, मालवण, अलिबाग किंवा मुंबई, समुद्राची खारी हवा जिथे आहे तिथे गाडीखालचं लोखंड लवकर सडतं. पाईप ज्या क्लिपांमध्ये अडकवलेला असतो, तिथे पावसाळ्यातला चिखल साठतो, ओला राहतो आणि नेमका त्या क्लिपेखाली पाईप आतून-बाहेरून खातो. वरून बघितलं तर पाईप छान दिसतो, क्लिप काढली की खरं काय ते कळतं.

दुसरं कारण मार. उंच स्पीडब्रेकर, खड्डा, उडालेला दगड, किंवा चाक बदलताना चुकीच्या जागी लावलेला जॅक. पाईप चेपतो आणि कधीतरी तिथेच चिरतो. रबरी होजचं दुखणं वेगळं. ती वयानुसार कडक होते, तिला बारीक भेगा पडतात, कधी फुगा येतो.

बघायचं कसं? गाडी रात्रभर उभी होती त्या जागी सकाळी डाग आहे का ते बघा. चाकांच्या आतल्या बाजूने टॉर्च मारा. टायरची आतली बाजू ओली, तेलकट दिसली तर गळती त्या चाकात आहे. पाईपवर बोट फिरवा. नुसता तांबूस रंग असेल तर लक्ष ठेवा. खरखरीत पापुद्रे निघत असतील, खड्डे लागत असतील, ओल असेल तर पाईप बदलायचा. विषय संपला.

हे जुगाड ओळखा

आपण जुगाडू लोक. चप्पलेला पिन, चार्जरला टेप, बादलीला एम-सील. त्याचं कौतुकही होतं. पण टायरच्या तीसपट दाब आठवा आणि ही यादी वाचा.

एम-सील किंवा टेप लावून पाईपचं भोक बुजवणं: पहिल्या जोरदार ब्रेकला उडतं.

सडलेला तुकडा कापून मध्ये रबरी नळी आणि क्लिप लावणं: पेट्रोलची नळी हा दाब पेलायला बनवलेलीच नसते.

गळका पाईप चेपून, दुमडून बंद करणं: एक चाक कायमचं बिनब्रेकचं, आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढणार.

फ्रिज-एसीचा तांब्याचा पाईप लावणं: वाकवायला सोपा म्हणून मोह होतो. पण साधं तांबं सततच्या हादऱ्यांनी कडक होत जातं आणि तडकतं. ब्रेकसाठी स्टीलचा किंवा खास तांबं-निकेल मिश्रधातूचा पाईप असतो, तोच हवा.

आणि सगळ्यात लोकप्रिय जुगाड म्हणजे दर आठवड्याला ऑइल भरत राहणं. त्यातही कुणी घरातलं इंजिन ऑइल ओतलं तर विचारूच नका. आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो खरं, पण ते तेल नव्हे. ते ग्लायकॉल जातीचं रसायन असतं. खनिज तेल त्यात गेलं की आतली रबरी सीलं फुगतात आणि एका पाईपचा खर्च सगळ्या ब्रेकच्या खर्चावर जातो.

घरी करायचं तर आधी हे

पहिली अट: हे काम आधी केलेला माणूस पहिल्या वेळी शेजारी हवा. ओळखीचे मेकॅनिक असतील तर सरळ सांगा, ‘काका, काम मी करतो, तुम्ही बघा आणि शेवटी तपासा. तुमची मजुरी देतो.’ बरेच जण आनंदाने शिकवतात. यूट्यूबवरचा माणूस तुमचा नट आवळलाय की नाही हे सांगू शकत नाही.

दुसरी अट: गाडीखाली जायचं तर गाडी जॅक स्टँडवरच हवी. गॅरेजमध्ये त्याला घोडी म्हणतात. डिकीतला जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक रचून त्यावर गाडी टेकवायची नाही, ते न सांगता फुटतात. जमीन सपाट आणि पक्की हवी, पार्किंगचा उतार नको. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा. हँडब्रेक सहसा फक्त मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे मागची बाजू उचलली की तो कामाचा राहत नाही, हेही ध्यानात ठेवा.

तिसरी अट: सामान आधी, खोलाखोली नंतर. चासी नंबर दाखवून त्याच गाडीचा, त्याच चाकाचा तयार पाईप मागवा. तो योग्य वळणांचा आणि दोन्ही टोकांना तोंड मारलेला येतो. या तोंडाला फ्लेअर म्हणतात. त्याचे दोन मुख्य प्रकार असतात, एक नरसाळ्यासारखं आत वळलेलं आणि एक बटणासारखं फुगीर. नट बसवल्यावर दोन्ही सारखेच वाटतात, पण एकाच्या जागी दुसरं बसवलं तर गळणारच. घरी पाईप कापून पहिल्यांदाच फ्लेअर मारायचा प्रयोग गाडीवर करू नका. तयार पाईप मिळत नसेल तर जुना पाईप नमुना म्हणून घेऊन ब्रेकचंच काम करणाऱ्या दुकानातून बनवून घ्या.

याशिवाय ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच आणायचं. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. उघडी पडलेली जुनी बाटली वापरू नका, कारण हे द्रव हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. घाट उतरताना ब्रेक तापले की ते आतच उकळतं, वाफ होते आणि पॅडल रिकामं जातं.

शेवटी, हातमोजे, चष्मा, पारदर्शक बारीक नळी, एक बाटली, भरपूर फडकी आणि फ्लेअर नटाचा खास पान्हा. तो रिंग पान्ह्यासारखाच असतो, फक्त पाईप आत जाण्यापुरता एका बाजूने कापलेला. साध्या पान्ह्याने या नटाचे कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. मग तो सुटता सुटत नाही.

पाईप बदलताना

आदल्या रात्री दोन्ही टोकांच्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी नटांना हात लावायच्या आधी त्या चाकाचा एअर काढायचा निपल सुटतो का, ते बघा. गंजलेला निपल तुटला तर पाईप बदलूनही उपयोग नाही, हवाच काढता येणार नाही. निपल हलत नसेल तर इथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.

निपल सुटला? पुन्हा बंद करा. टाकीचं झाकण काढण्याआधी पुसून घ्या, धुळीचा कण आत जायला नको. एक छान युक्ती आहे. काठी लावून ब्रेक पॅडल दोनेक इंच दाबलेलं ठेवा. त्यामुळे मास्टर सिलिंडरमधली टाकीकडची वाट बंद होते आणि पाईप सोडल्यावर सगळं ऑइल वाहून जात नाही.

आता नट सोडा. नटाबरोबर पाईपही पिळतोय असं दिसलं तर जोर लावू नका, पुन्हा स्प्रे मारा, थांबा. पाईप निघाला की उघड्या तोंडावर लगेच रबरी टोपी लावा. गाडीच्या पोटाखाली ब्रेक पाईपच्या शेजारूनच पेट्रोलचा पाईप जातो, क्लिपा काढताना त्याला धक्का नको.

नवा पाईप जुन्याच्या शेजारी ठेवून लांबी, वळणं आणि तोंडं जुळतात का ते बघा. मग जुन्याच रस्त्याने न्या, सगळ्या क्लिपा परत बसवा. क्लिप चुकवली तर पाईप हादरतो, पत्र्याला घासतो आणि वर्षभरात पुन्हा भोक. दोन्ही टोकांचे नट आधी हाताने, बोटांनी चार-पाच आटे फिरवा. सहज फिरले पाहिजेत. आटे तिरके धरले आणि पान्ह्याने जोर लावला तर पाईपबरोबर समोरचा महागडा भागही गेला. शेवटचं आवळणं गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यानुसार, टॉर्क पान्ह्याने. हे नट लहान असतात, ‘अजून थोडा’ करत आवळले तर तोंडच चिरतं.

रंगावर ऑइल सांडलं तर ताबडतोब पाण्याने धुवा, नाहीतर रंगाचे पोपडे निघतील.

दाब… धर… सोड

आता एअर काढायची. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पाईपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तुमची ताकद बुडबुडा दाबण्यात जाते आणि पॅडल स्पंजासारखं लागतं.

काठी काढा आणि एका मित्राला सीटवर बसवा. निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. ‘दाब’ म्हटलं की त्याने पॅडल सावकाश दाबायचं. ‘धर’ म्हटलं की दाबूनच ठेवायचं. तुम्ही निपल पाव फेरा उघडा, बुडबुडे येतील, पॅडल खाली जाईल. तुम्ही निपल बंद करा, आणि मगच ‘सोड’. क्रम चुकला तर हवा उलटी आत शिरते. जुन्या गाडीत पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे पिस्टन तळापर्यंत जाऊन कधीच न वापरलेल्या, खरबरीत भागावर सील फाटणार नाही.

नळीतून सलग स्वच्छ ऑइल येईपर्यंत हे चालू ठेवा. दर चार-पाच वेळांनी टाकी भरा. ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. चारही चाकांची एअर काढायची असेल तर क्रम मॅन्युअलमध्ये बघा, गाडीगणिक तो बदलतो. २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लागतो. ते घरचं काम नाही.

वापरलेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका, ते विषारी असतं. बाटलीत भरून, नाव लिहून गॅरेजला द्या.

झालं, असं कधी म्हणायचं?

इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, कडक लागायला हवं. मग ते दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पॅडल किंचित खाली जाईल, ते बरोबर आहे, बूस्टर काम करतोय. आता मिनिटभर जोरात दाबून ठेवा. पाय हळूहळू खाली जात राहिला तर कुठेतरी गळतंय. मित्राला तसंच दाबून ठेवायला सांगा आणि दोन्ही जोड कोऱ्या कागदाने पुसून बघा. कागदाला ओल लागली तर काम झालेलं नाही.

मग रिकाम्या मैदानात, चालण्याच्या वेगात, हँडब्रेकवर हात ठेवून थांबवून बघा. नंतर ताशी दहा, मग वीस किलोमीटर. गाडी एका बाजूला ओढते का, तेही बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जोड तपासा, टाकीची पातळी बघा. आठवड्याने पुन्हा एकदा.

इंजिनीअरिंगच्या मुलांना ‘बाजा’ स्पर्धा माहीत असेल, कॉलेजच्या टीम स्वतः ऑफरोड गाडी बनवतात ती. तिथे गाडी कितीही वेगवान असली तरी ब्रेकच्या परीक्षेत चारही चाकं जागेवर लॉक झाली नाहीत तर पुढे जाता येत नाही. ‘जवळजवळ लागला’ याला तिथे गुण नाहीत. पार्किंगमध्येही तोच नियम ठेवा.

घाटात पॅडल खाली गेलं तर?

पॅडल भराभर पंप करा, थोडा दाब परत मिळू शकतो. एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा, एकदम खेचला तर मागची चाकं घसरतील. इंजिन बंद करू नका, बूस्टर आणि स्टिअरिंगची मदत जाते. लाइट आणि हॉर्न चालू ठेवा, डोंगराकडची बाजू धरा. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायची सवय आधीपासून असेल तर ही वेळ यायची शक्यताच कमी.

आणि थांबायचं कुठे?

नट गोल झाला, निपल तुटला, आटे गेले, दोनदा एअर काढूनही पॅडल स्पंजासारखं आहे, किंवा नुसतंच ‘काहीतरी चुकतंय’ असं वाटतंय, तर गाडी हलवू नका. ती चालवत गॅरेजला न्यायची नाही. मेकॅनिकला घरी बोलवा नाहीतर टोइंग व्हॅन मागवा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेला आहे का, ते घरी विचारा. धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणणं हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९० नुसार गुन्हा आहे. शिवाय समोरून जो स्कूटरवाला येतोय, त्याला तुमच्या पाईपबद्दल काहीच माहीत नसतं.

घरी काम करून वाचतात ते मजुरीचे पैसे. मिळतं त्यापेक्षा जास्त: पॅडलखाली काय चालतं ते कळतं, मेकॅनिक काय सांगतोय ते समजतं, आणि ‘थोडं ऑइल टाक, चालेल’ म्हणणाऱ्याला ठामपणे ‘नाही चालणार’ म्हणता येतं. पाईप बदलायला जमलं नाही तरी हरकत नाही. टाकीतली पातळी मात्र दर महिन्याला बघा. त्याला पान्हासुद्धा लागत नाही.